दहा ओळींचा निबंध मुलांनी स्वतः कसा लिहावा?



आजचा विषय तसा रोजचाच आहे. दहा-बारा ओळींचा छोटा निबंध किंवा चार-पाच ओळींचं उत्तर मुलांनी स्वतःच्या मनाने कसं लिहावं? प्राथमिक वर्गात आपण वाचन घेतो, श्रुतलेखन घेतो, शब्द पाठ करून घेतो. पण ‘विचार कर आणि लिही’ हे शिकवायचं बऱ्याचदा राहून जातं. माझ्याकडूनही राहिलं होतं. ते कसं लक्षात आलं, ते आधी सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गात २६ मुलं होती. ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध मी फळ्यावर लिहून दिला होता. कुत्रा इमानदार असतो, त्याला चार पाय असतात, आमच्या कुत्र्याचं नाव मोती आहे, तो घराची राखण करतो वगैरे. मुलांनी तो उतरवून घेतला, पाठ केला आणि चाचणीत लिहिला. वह्या तपासायला बसले तर २६ वह्यांत २६ मोती! अक्षर छान, शुद्धलेखन ठीक. मी गुण देत गेले. एका मुलीच्या वहीवर तर ‘खूप छान’ असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवशी सहज तिला विचारलं, “तुमचा मोती काय खातो गं?”

ती म्हणाली, “बाई, आमच्याकडं कुत्रं नाय. शेळी हाय.”

“मग शेळीवर का नाही लिहिलंस?”

“शेळीचा निबंध फळ्यावर नव्हता की.”

मग ती शेळीबद्दल बोलायला लागली आणि दहा मिनिटं थांबलीच नाही. शेळी काय खाते, कुणाला ढुशी मारते, वहीचं पान कसं खाल्लं, सगळं. ज्या मुलीला ‘निबंध जमत नाही’ म्हणून मी फळ्यावर लिहून दिला होता, तिच्याकडे पूर्ण निबंध तयार होता. मी तो विचारलाच नव्हता. ‘खूप छान’ हा शेरा तिच्या नव्हे, माझ्याच निबंधाला मिळाला होता.

तेव्हापासून मी फळ्यावर निबंध लिहून देणं बंद केलं. त्याऐवजी जे करते, ते पायरी-पायरीने इथे मांडते आहे. तिसरी ते सहावीपर्यंत याचा उपयोग होतो.

मुलं नेमकी कुठे अडतात?

बोलताना न अडखळणारं मूल कागदासमोर बसलं की पेन्सिल चावत बसतं. याची तीन कारणं मला दिसतात.

१. प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते कळत नाही.
२. डोक्यात खूप गोष्टी एकदम येतात, पण आधी काय आणि नंतर काय हे ठरत नाही.
३. चुकण्याची भीती असते. ‘बाभळीच्या शेंगा’ लिहिता येईल की नाही याची खात्री नसते, म्हणून मूल ‘गवत’ लिहून मोकळं होतं.

पाठांतर हे या तिन्हींवर औषध वाटतं. म्हणूनच आपण ते देतो. पण शीर्षकातला एक शब्द बदलला की ते औषध चालत नाही. पुढच्या पायऱ्या याच तीन अडचणींसाठी आहेत.

पायरी पहिली: शीर्षक नीट वाचणे

फळ्यावर ही चार शीर्षकं एकाखाली एक लिहा.

पावसाळा
पावसाळ्यातील एक दिवस
पाऊस पडलाच नाही तर…
मी पाऊस बोलतोय

मुलांना विचारा, “चारही पावसावरच आहेत. मग चारही ठिकाणी एकच निबंध चालेल का?” पहिल्यांदा बरीच मुलं ‘हो’ म्हणतात. मग एकेक शीर्षक घेऊन बोला. पहिल्यात पावसाळा कसा असतो हे सांगायचं, म्हणजे वर्णन. दुसऱ्यात एकच दिवस, तोही घडून गेलेला. तिथे ‘पडतो’ नाही, ‘पडला’ येईल. तिसऱ्यात कल्पना करायची. तिथे ‘पडला नाही तर काय होईल’ असं येईल. चौथ्यात पाऊस स्वतः बोलतोय, म्हणजे ‘मी’ कोण, तर पाऊस.

वर्णनात्मक, प्रसंगलेखन, कल्पनाप्रधान, आत्मकथन ही नावं मुलांना पाठ नसली तरी चालतील. पण ‘एक दिवस’, ‘तर’, ‘बोलतोय’ या शब्दांखाली रेघ मारायची सवय लागली पाहिजे. आमच्या एका चाचणीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ विचारला होता आणि अर्ध्या वर्गाने ‘पावसाळा हा एक ऋतू आहे’ अशी सुरुवात केली होती. त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांनी शीर्षकातला पहिला शब्द वाचला आणि पाठ केलेलं सुरू केलं.

पायरी दुसरी: आधी बोलणे, मग लिहिणे

लिहायच्या आधी जोडीने बोलायला द्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने विचारायचं. पाच मिनिटं पुरतात. ऐकणाऱ्याला हे प्रश्न द्या: कोण? कुठे? केव्हा? काय झालं? तुला कसं वाटलं?

बोलून झालं की प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर फक्त शब्द लिहायचे, वाक्यं नाहीत. त्या मुलीच्या पानावर असे शब्द होते: तांबडी, खादाड, वही खाल्ली, शेंगा, दूध, आजोबांचा चहा, ढुशी, बाजार. एवढे शब्द म्हणजे अर्धा निबंध झाला.

इथे बोलीभाषा अडवू नका. ‘हाय’, ‘नाय’, ‘आमच्याकडं’ हे मुलाच्या घरचं बोलणं आहे, ती चूक नाही. कागदावर ‘आहे’, ‘नाही’, ‘आमच्याकडे’ लिहितात, हे नंतर सांगता येतं. बोलतानाच दुरुस्त करत बसलो तर मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं मूल लिहिणार काय?

पायरी तिसरी: एकच गोष्ट ठरवणे

आता विचारा, “या सगळ्यातली कुठली गोष्ट तुला सांगायचीच आहे?” दहा ओळींत आठ मुद्दे मावत नाहीत. दोन-तीन मुद्दे पुरेसे असतात. मुलीने म्हटलं, “ती खादाड होती ते, अन् बाजारात विकली ते.” झालं. ढुशी वगळली. वगळायला शिकणं हाही लेखनाचाच भाग आहे आणि मुलांना ते जमतं, फक्त आपण विचारलं पाहिजे.

पायरी चौथी: सुरुवात, मधला भाग, शेवट

मुलांना मी २-६-२ असं सांगते. दोन ओळी सुरुवात, सहा-सात ओळी मधला भाग, दोन-तीन ओळी शेवट. हे काही कडक माप नाही, पण सुरुवातीला आधार मिळतो.

सुरुवात: शीर्षकाला थेट उत्तर द्यायचं. ‘माझा आवडता प्राणी’ असेल तर पहिल्या ओळीत प्राणी आलाच पाहिजे. ‘या जगात अनेक प्राणी आहेत’ ही ओळ कुठल्याही निबंधाला चालते, म्हणून ती नको.

मधला भाग: इथे एकच शब्द कामाला येतो, तो म्हणजे ‘कशावरून?’

मूल म्हणतं, “शेळी खादाड आहे.”
कशावरून?
“तिने माझ्या वहीचं पान खाल्लं.”

मूल म्हणतं, “माझे आजोबा प्रेमळ आहेत.”
कशावरून?
“ते स्वतःच्या ताटातली पुरणपोळी मला देतात.”

पहिलं वाक्य कुणीही लिहू शकतं. दुसरं वाक्य फक्त तेच मूल लिहू शकतं. प्रत्येक मुद्द्याला एक ‘कशावरून’ जोडलं की मधला भाग आपोआप भरतो, आणि २६ वह्यांत २६ वेगळे निबंध येतात. फक्त हा प्रश्न विचारताना आवाज मऊ ठेवा, नाहीतर मुलाला उलटतपासणी वाटते.

शेवट: नवीन मुद्दा आणायचा नाही. आता काय स्थिती आहे किंवा मला काय वाटतं, एवढंच सांगून थांबायचं. ‘म्हणून मला कुत्रा खूप खूप आवडतो’ अशी ठरावीक ओळ लिहायची गरज नाही.

आता तिचाच निबंध वाचा. शुद्धलेखन मी दुरुस्त केलं आहे, वाक्यं तिचीच आहेत.

माझा आवडता प्राणी

माझा आवडता प्राणी शेळी आहे. आमच्या शेळीचे नाव तांबडी होते, कारण तिचा रंग तांबडा होता.

तांबडी फार खादाड होती. एकदा तिने माझ्या गणिताच्या वहीचे पान खाल्ले. तिला बाभळीच्या शेंगा सगळ्यात जास्त आवडायच्या. मी शाळेतून येताना दप्तरात शेंगा आणायचे. लांबून माझा आवाज ऐकला की ती ओरडायची. ती सकाळ-संध्याकाळ दूध द्यायची. आजोबांना तिच्याच दुधाचा चहा लागायचा.

दिवाळीच्या आधी बाबांनी तांबडीला बाजारात विकले. त्या दिवशी मी शेंगा आणल्या होत्या. आता तिचे करडू आमच्याकडे आहे, त्याला मी शेंगा देते.

बारा वाक्यं आहेत. एकही अवघड शब्द नाही, म्हण नाही, सुविचार नाही. पण ‘त्या दिवशी मी शेंगा आणल्या होत्या’ हे वाक्य वाचून मी थोडा वेळ वही तशीच हातात धरून बसले. मी फळ्यावर कितीही चांगला निबंध लिहून दिला असता, तरी हे वाक्य मला सुचलं नसतं.

पायरी पाचवी: दोनदा वाचून दुरुस्ती

मूळ वहीत सतरा शुद्धलेखनाच्या चुका होत्या. लाल पेनाने सगळ्यावर गोल केले असते तर पुढच्या वेळी तिने पुन्हा ‘मोती’ लिहिला असता. म्हणून दुरुस्ती दोन टप्प्यांत घ्यावी.

पहिल्या वाचनात फक्त अर्थ बघायचा. मुलाने स्वतः मोठ्याने वाचायचं. जिथे श्वास संपतो तिथे बहुतेक पूर्णविराम राहिलेला असतो. ‘आणि मग… आणि मग…’ असं लांबलेलं वाक्य कानाला लगेच कळतं. तिथे वाक्य तोडायला सांगा.

दुसऱ्या वाचनात शुद्धलेखन, पण एका आठवड्यात एकच नियम. उदाहरणार्थ:

पहिला आठवडा: मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार सहसा दीर्घ. पाणी, शेळी, वाटी, लाडू, चाकू. ‘आणि’ मात्र ह्रस्व.

दुसरा आठवडा: शब्दाला प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ ई, ऊ बऱ्याचदा ह्रस्व होतो. फूल – फुलाला, मूल – मुलाला, गरीब – गरिबाला.

तिसरा आठवडा: अनेकवचनात प्रत्ययाआधी अनुस्वार. एका मुलाला, पण सगळ्या मुलांना. एका झाडावर, पण सगळ्या झाडांवर.

त्या आठवड्यात त्याच नियमाच्या चुका दाखवायच्या, बाकीच्यांकडे तात्पुरती डोळेझाक करायची. आपल्याला हे जड जातं, मला माहीत आहे. पण पाच-सहा आठवड्यांत वहीत फरक दिसतो.

हाच साचा उत्तरांनाही चालतो

परिसर अभ्यासात किंवा इतिहासात चार-पाच ओळींचं उत्तर लिहितानाही हीच रीत आहे. समजा प्रश्न आहे: शिवाजी महाराजांनी आरमार का उभारले?

पुष्कळ मुलं सुरुवात ‘शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरी किल्ल्यावर झाला’ अशी करतात. माहिती खरी आहे, पण विचारलेली नाही. प्रश्नातल्या ‘का’ या शब्दाखाली रेघ मारायला लावा. मग उत्तर असं होईल:

स्वराज्याच्या किनाऱ्याचे रक्षण करण्यासाठी शिवाजी महाराजांनी आरमार उभारले. किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्या सत्ता होत्या. समुद्रावर जहाजे नसतील तर त्यांना रोखता येत नव्हते. म्हणून महाराजांनी जहाजे बांधली आणि जलदुर्गही उभारले. मालवणजवळ कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला सुरुवात झाली.

पहिल्या ओळीत थेट उत्तर, मध्ये कारणं, शेवटी एक उदाहरण. म्हणजे तेच: सुरुवात, ‘कशावरून’, शेवट.

परीक्षेत वेळ कसा वाटावा?

निबंधासाठी साधारण २० मिनिटं मिळतात असं धरलं तर चार मिनिटं विचार आणि शब्द लिहिणं, बारा मिनिटं लेखन, चार मिनिटं पुन्हा वाचन. मुलं पहिली चार मिनिटं द्यायला घाबरतात. शेजारचा लिहायला लागला की यांचीही पेन्सिल सुरू होते. वर्गात घड्याळ लावून हा सराव दोन-तीनदा घ्या. ‘पहिली चार मिनिटं निबंध लिहायचा नाही, फक्त शब्द’ असा नियमच करा.

तपासताना मी पाच गुणांची अशी विभागणी करते आणि ती मुलांना आधीच सांगते:

शीर्षकाप्रमाणे लिहिले – १
क्रम आहे (सुरुवात, मधला भाग, शेवट) – १
स्वतःचे तपशील आहेत – १
वाक्ये पूर्ण आणि समजणारी आहेत – १
शुद्धलेखन व अक्षर – १

गुण कशाला आहेत ते कळलं की मुलं त्या दृष्टीने लिहितात. पाठ केलेल्या निबंधाला तिसरा गुण मिळत नाही, हे त्यांना बरोबर कळतं.

एवढा वेळ कुठून आणायचा?

माझ्यासारखे जे दोन वर्ग एकत्र सांभाळतात, ते हा प्रश्न विचारणारच. मी एक निबंध तीन दिवसांत घेते. पहिल्या दिवशी १५ मिनिटं जोडीने बोलणं आणि शब्द, त्या वेळी तिसरीला गणिताची उदाहरणं सोडवायला देते. दुसऱ्या दिवशी लेखन. तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचन आणि दुरुस्ती. महिन्यात दोनच निबंध होतात, पण ते मुलांचे असतात. तोंडी कामाची नोंद आकारिक मूल्यमापनातही धरता येते, म्हणजे पहिला दिवस वाया जात नाही.

पालकांसाठी थोडंसं

पालक मला दोन गोष्टी नेहमी विचारतात.

“पाठ केलं तर गुण पक्के मिळतात ना?” खरं सांगायचं तर काही वेळा मिळतात. ओळखीचं शीर्षक आलं आणि मूल विसरलं नाही, तर पाठ केलेला निबंध नेटका दिसतो. स्वतः लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा-एक गुण शुद्धलेखनात जाऊ शकतो. पण शीर्षक बदललं की पहिलं मूल कोरं पान ठेवतं आणि दुसरं काहीतरी लिहितंच. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, आणि पुढे प्रत्येक इयत्तेत लिहिण्याचं काम वाढतच जातं. दरवर्षी नवे निबंध पाठ करण्यापेक्षा एकदा लिहायला शिकलेलं बरं.

“शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे, निबंधाला वेळ कुठे?” शिष्यवृत्ती परीक्षा पर्यायी प्रश्नांची असते, तिथे गोल रंगवायचे असतात. म्हणूनच त्या वर्षी मुलांच्या हातून सलग लिहिणं कमी होतं. आठवड्यातून एकदा पाच ओळी, एवढं तरी चालू राहू द्या.

घरी काय करता येईल? रविवारी एका वेगळ्या वहीत पाच ओळी: ‘या आठवड्यात काय झालं?’ गाइड देऊ नका, स्वतः सांगूही नका. जेवताना विचारा, “मग काय झालं? कशावरून?” लिहून झालं की मुलाला ते आजीला किंवा आजोबांना वाचून दाखवायला सांगा. आजीला अक्षर येत नसलं तरी चालेल. “हे मला नाही समजलं, परत सांग” असं आजी म्हणाली की मुलाला कळतं, इथे एक वाक्य राहिलंय. ही दुरुस्ती माझ्या लाल पेनापेक्षा चांगली.

आणि एक विनंती. मुलाने घरातली एखादी खरी गोष्ट लिहिली, शेळी विकली, बाबा कामाला परगावी आहेत, घर गळतंय, तर “हे कशाला लिहिलंस?” म्हणून रागावू नका. तसं झालं की मूल पुन्हा फळ्यावरचं लिहायला लागतं. आम्ही शिक्षकांनीही अशी वही वर्गात मुलाला न विचारता वाचून दाखवू नये. त्या मुलीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, “वाचा बाई, पण मी बाहेर जाते.” मी नाही वाचला. इथे तो तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने दिला आहे.

येत्या आठवड्यात एकच करून बघा. फळ्यावर फक्त शीर्षक लिहा आणि खडू खाली ठेवा. पहिल्या दिवशी वर्ग गोंधळेल, दोन-चार मुलं “बाई, पुढचं लिहा ना” म्हणतील. लिहू नका. त्यांच्याजवळ जाऊन विचारा, “तुमच्या घरी काय आहे?”